प्रेस नंबर चार आणि वीस माणसं

"शहापूर आणि मुरबाड, या दोन तालुक्यांत माझी सही चालते तोवर एकाही कामगाराचं एकही बोट जाणार नाय," रत्नदीप भालेराव माइकवर म्हणाला. "हे नुसतं भाषण नाय. कुणालाही लिहून देतो."

चार मार्चचा दिवस. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या मैदानात सुरक्षा सप्ताहाचा मांडव घातला होता. रत्नदीप हा कारखाने सुरक्षा खात्याचा निरीक्षक. चाळिशीतला, वाशिंदला राहणारा, घरातला पहिला साहेब. मनाने साफ, पण माइक हातात आला की त्याला जरा चढायचं.

टाळ्या पडल्या. त्या भरात त्याने आग विझवायचं प्रात्यक्षिक सुरू केलं. महादू ड्रायव्हरने घमेल्यात रॉकेलचं फडकं पेटवलं. रत्नदीपने लाल नळकांडं उचललं, पिन ओढली, दांडी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा नळकांडं नळीतून सुटायचं ते बुडातून सुटलं, आणि सगळी पांढरी भुकटी व्यासपीठावर गेली. पाहुणे, हार, लाडवांचं ताट, मागचा बॅनर, सगळं एका रंगाचं झालं. फडकं तिकडे निवांत जळतच होतं. शेवटी चहावाल्या धोंडाबाईने किटलीतला चहा त्यावर ओतला, आग विझली, आणि पन्नास माणसांचा चहा बुडाला.

लोक पांगले तशी शेवटच्या रांगेतली सावळी नावाची कामगार बाई उठली आणि सरळ व्यासपीठापाशी गेली. भुवया पांढऱ्या झालेला रत्नदीप खिशातला रुमाल शोधत होता.

"साहेब, लिहून देतो म्हणालात."

"काय?"

"बोट जाणार नाय म्हणून. द्या लिहून."

तिने सुरक्षेच्या शपथेचा छापील कागद उलटा करून त्याच्यापुढे धरला. रत्नदीपने हसत पेन काढलं. दोन ओळी लिहून खाली झोकात सही ठोकली, आणि मग त्याचं लक्ष तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. त्याच्या उजव्या हाताला गमछा गुंडाळलेला होता.

"हे कोण?"

"माझा घरवाला. भगीरथ."

"हाताला काय झालं?"

"दोन बोटं गेली. महाशिवरात्रीच्या आधी. प्रेस नंबर चारवर."

रत्नदीपचं हसू मावळलं. "मग मला कळवलं का नाय?"

"कळवायला अर्ज लागतो, साहेब," भगीरथ म्हणाला. "अर्जाला उजवा हात लागतो."

"महिन्याच्या आत येतो," रत्नदीप म्हणाला. "मशीनला सील लावतो."

सावळीने कागदाची घडी घातली आणि मोबाइलच्या कव्हरात मागे सरकवून ठेवली.

प्रेस नंबर चार होती गजलक्ष्मी डबे कारखान्यात. तिचं काम स्टीलच्या डब्यांची झाकणं काढायचं. पत्र्याची गोल चकती डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायची, पायाने पॅडल दाबायचं, वरून दणका बसायचा, झालेलं झाकण हाताने बाहेर काढायचं. मशीन तशी गरीब. फक्त दोन-तीनशे झाकणांमागे एकदा तिला लहर यायची, आणि पॅडलला पाय न लावताच ती दुसऱ्यांदा खाली यायची. पूर्वी तिच्या तोंडाशी लाल दिव्याचा सेन्सर होता. आत हात असला की तो मशीनला अडवायचा. मालक किशोरशेठला ते फार खुपायचं. सारखं थांबतं, धंदा कसा करायचा? त्याने सेन्सर काढून टाकला आणि त्याच्या खिळ्याला लिंबू-मिरची बांधली. लिंबू दर शनिवारी बदललं जायचं. देखभालीच्या बाबतीत किशोरशेठ हयगय करत नसे.

भगीरथची बोटं गेल्यावर शेठने त्याला खोकी उचलायला लावलं आणि प्रेस चारवर सावळीला बसवलं. "घरची जागा घरातच राहिली पाहिजे," असं म्हणाला, जणू उपकारच. सावळीला नाही म्हणता आलं नाही. डोळखांबच्या पाड्यावरून पहाटेचा टेम्पो यायचा, त्यात अख्ख्या पाड्याची माणसं भरून यायची, आणि एकाने जागा सोडली की त्या जागेवर बसायला दुसऱ्या दिवशी चौघं तयार असायची. तिला काम हवं होतं आणि दहाही बोटं हवी होती. एवढंच तिचं मागणं. तिच्या मते ते काही फार नव्हतं.

मार्च संपला. साहेब आला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सावळीने सुट्टी टाकली आणि शहापूरचं ऑफिस गाठलं.

ऑफिसात पंखा होता पण फिरत नव्हता. रत्नदीप टेबलावर एक कागद पसरून बसला होता. महादू दारात जीपची चावी फिरवत उभा होता. रत्नदीपने सावळीला ओळखलं आणि पहिल्यांदा त्याने मान खाली घातली.

"बसा," तो म्हणाला. "पाणी घ्या."

"पाणी नको. सील घेऊन चला."

"तेच आता जमत नाय." त्याने कागदावर बोट ठेवलं. "अधिवेशनात आमच्या खात्याचे पैसे मंजूर झाले. पण अट घालून. कारखान्यात प्रत्यक्ष कामावर वीसपेक्षा कमी माणसं असतील तर यातला एक पैसाही तिथल्या तपासणीवर खर्च करायचा नाय. लहान मालकाला जाच नको म्हणून."

"आमी सत्तावन्न आहोत."

"सत्तावन्न असलात तरी जमत नाय. चाळीसच्या वर माणसं असली तर मोठा कारखाना. मोठा मालक जबाबदार असतो, असं सभागृहाचं म्हणणं आहे. त्याने स्वतःच लिहून द्यायचं की माझं सगळं सुरक्षित आहे. आमी जायचं नाय."

सावळीने बोटांवर मोजलं. "म्हणजे वीसच्या खाली गेलो तर आमी लहान, चाळीसच्या वर गेलो तर शेठ शाना."

"असंच."

"मंग तुमी स्वतःच्या पैशाने या. टेम्पोचं भाडं मी देते."

"बाई, माझा पगारपण त्याच पैशातला. माझे डोळे दहा ते साडेपाच सरकारी खर्चाने बघतात. मी बघितलं की खर्च झाला. परिपत्रकात स्टेशनरीपण धरलीय. या पेनातली शाईसुद्धा."

"आणि साडेपाचनंतर?"

"साडेपाचनंतर मी निरीक्षक नसतो."

"रविवारी?"

"रविवारी तर मुळीच नसतो."

महादूला राहवलं नाही. "तरी या साहेबांचं बरं. मला जीप चालू करायच्या आधी कागद भरावा लागतो. कारखान्यात माणसं किती, ते लिहिल्याशिवाय डिझेल नाय. आता मला इथं बसून कसं कळणार तिथं किती माणसं? मोजायला जायचं तर डिझेल पाहिजे."

"हे ज्यांनी पास केलं," सावळी म्हणाली, "त्यांनी हात वर केले असतील ना?"

"हो. हात वर करूनच करतात."

"ते हात मोजले असतील."

"मोजतात."

"बोटं मोजली का कुणी? सगळी होती का त्यांची?"

रत्नदीपने कागदाचा कोपरा उगाच सरळ केला.

आता किशोरशेठला हे परिपत्रक रत्नदीपच्याही आधी पोचलं होतं. अशी कागदं त्याला वासाने कळत. आपण स्वतः लिहून द्यायचं म्हणजे सहीची जोखीम, त्यापेक्षा लहान झालेलं बरं, असा त्याने हिशोब केला, आणि एका रविवारी रंगाऱ्याला बोलावून एकाच शेडच्या जमिनीवर दोन पिवळे पट्टे मारून घेतले. शेडचे तीन भाग झाले. दारावर तीन पाट्या लागल्या: गजलक्ष्मी, नवगजलक्ष्मी आणि गजलक्ष्मी ॲण्ड सन्स. प्रत्येकात माणसं एकोणीस. शेठला मूल नव्हतं, पण सन्समध्येही एकोणीस.

पट्टे आखताना रंगाऱ्याने कशाचाच विचार केला नव्हता. पाण्याचा फिल्टर नवगजलक्ष्मीत गेला. संडास सन्समध्ये गेला. त्यामुळे गजलक्ष्मीतल्या बाईला पोट दुखलं तर तिला दोन पट्टे ओलांडून जावं लागायचं, आणि दोन्ही पट्ट्यांवर एकटा रामू वॉचमन वही घेऊन फिरायचा: नाव, कुठल्या कंपनीतून आलात, भेटीचं कारण. पहिल्या दिवशी बायांनी कारण लिहायला लाजून नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतकं सविस्तर लिहिलं की रामूनेच वही बंद केली.

विजेचा मीटर मात्र एकच होता. तो काही पट्ट्याने कापता आला नाही.

सावळी पुन्हा शहापूरला गेली. "कागदात 'प्रत्यक्ष कामावर' लिहिलंय म्हणालात. म्हणजे हजेरीच्या पटावर नाय, त्या वेळेला जी माणसं काम करत असतील ती. खरं ना?"

"खरं."

"प्रेस चार गजलक्ष्मीत आहे. तिथं आमी एकोणीस. पलीकडची एक बाई पट्टा ओलांडून आली आणि माझ्या बाजूला कामाला बसली, तर?"

रत्नदीप खुर्चीत सरळ झाला. त्याने परिपत्रक काढलं, एकदा वरून खाली वाचलं, एकदा खालून वर.

"तर वीस," तो म्हणाला. "तर मी येऊ शकतो. जीपने येऊ शकतो. सील लावू शकतो."

"बुधवारी अकरा वाजता."

"बुधवारी अकरा वाजता. लिहून देऊ?"

"एकदा दिलंय," सावळी म्हणाली.

पाड्यावर भाताच्या लावणीला माणसं कमी पडली की सावड घालतात. आज माझ्या शेतात तुमी राबा, उद्या तुमच्या शेतात मी. पैसे नाहीत, कागद नाही. सावडीचा एकच कायदा आहे, तो कुठल्या सभागृहात पास झालेला नाही आणि आजवर कुणी मोडलेलाही नाही: सावडीला आलेल्या माणसाला 'तू जा' म्हणायचं नाही.

सावळीने मंगळवारी परतीच्या टेम्पोत आपल्या चुलत जावेला, रुपाला, हळूच विचारलं. रुपा नवगजलक्ष्मीत डब्यांना कड्या लावायची.

"वयनी, उद्या अकराला माझ्याकडं सावडीला ये. तू एकटीच. कुणाला बोलू नको."

"मी कशाला बोलू," रुपा म्हणाली.

आणि ती खरंच कुणाला बोलली नाही. फक्त काशीला बोलली, कारण काशीला न सांगता काही केलं की ती महिनाभर रुसायची. काशीने फक्त नवऱ्याला सांगितलं. नवरा सन्समध्ये पॅकिंगला होता, आणि सावळीच्या घरचं त्याच्यावर मागच्या लावणीचं एक दिवसाचं देणं होतं. ते तो विसरलेला नव्हता. पाड्यावर कोण विसरतो? भगीरथ ज्याच्या घरच्या कुडाला राबला नव्हता, ज्याच्या शेतात उतरला नव्हता, असा माणूस त्या टेम्पोत शोधून सापडला नसता.

बुधवारी पावणेअकराला रामू वॉचमन चहाला गेला. रुपा पट्टा ओलांडून सावळीजवळ येऊन बसली. वीस. सावळीला हायसं वाटलं. मग काशी आली. मग काशीचा नवरा आला. मग नवगजलक्ष्मीतले दहाबारा जण एकदम उठले. पाठोपाठ सन्स उठली. शेवटी लंगडणारा विठूसुद्धा स्टूल घेऊन आला आणि म्हणाला, "माझं बसून काम आहे, पण आलो."

"अगो, एकच पाहिजे होती," सावळी रुपाच्या कानात म्हणाली.

"मग सांग त्यांना जायला."

सावळीने मागे वळून बघितलं. भगीरथच्या उरलेल्या तीन बोटांकडे बघत सगळी उभी होती, पत्रा उचलायला, झाकणं पुसायला, जे मिळेल ते काम हातात घ्यायला. त्यांना जा कसं म्हणायचं?

तेवढ्यात जीप आली.

रत्नदीप दारात उभा राहिला. आत पाय टाकला की खर्च सुरू होतो, म्हणून त्याने बाहेरूनच मोजलं. एकदा मोजलं. मग महादूला मोजायला लावलं. मग दोघांनी मिळून बोट दाखवून मोजलं.

"सत्तावन्न," तो बारीक आवाजात म्हणाला.

किशोरशेठ केबिनमधून आला, समोरचं बघितलं आणि क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण तो जुना माणूस. मागे फिरला, ड्रॉवर उघडला आणि एक छापील कागद आणून रत्नदीपच्या हातात दिला. मोठ्या कारखान्याच्या मालकाने स्वतः लिहून द्यायचा तो कागद. अडीअडचणीला असावा म्हणून त्याने एक प्रत भरून ठेवली होती. नाइलाजाने सही केली, बस.

"आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे," तो म्हणाला. "लिहून दिलंय."

"साहेब, थांबा," सावळी दाराशी आली. "मी कमी करते. सतरा-अठरा गेले तरी बसतं ना?"

"सतरा गेले की चाळीस. बसतं."

ती वळली. "ऐका, सतरा जणांनी आपापल्या जागेवर जा. सावड झाली समजा."

कुणी हललं नाही.

"मी का म्हणून जाऊ?" काशी म्हणाली. "मी दुसरी आलेय. मागून आलेल्यांना सांग."

"मागून आलो म्हणजे काय कमी राबतो?" सन्समधला एकजण म्हणाला. "तुझ्या घरच्या कुडाला सगळ्यात आधी माती कुणी मळली होती?"

"ते जुनं काढू नको."

"मी जातो," विठू म्हणाला. "पण मग लंगडा म्हणून घालवला असं सगळीकडं सांगेन."

रुपाने तिघींना हाताला धरून उठवलं. त्यातल्या दोघी रडायला लागल्या, म्हणून आणखी चार जणी त्यांची समजूत काढायला इकडे आल्या. आकडा काही केल्या चाळीसवर येईना. रत्नदीप दारात उभा राहून मोजत होता, "त्रेपन्न, चोपन्न, बावन्न, पंचावन्न," आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. क्षणात सगळे डबे घेऊन झाडाखाली गेले. कारखान्यात कामावर माणसं शून्य.

"शून्यावर काय करता येतं?" महादूने विचारलं.

"काही नाय," रत्नदीप म्हणाला.

जेवण झालं तोवर किशोरशेठने पट्ट्यांवर दोरी बांधून घेतली होती आणि प्रत्येक दोरीपाशी एक वॉचमन उभा केला होता. एकोणीस, एकोणीस, एकोणीस.

आणि वर हेही झालं की कारखाना तपासणीच्या अटीत बसला नाही, म्हणून जीपचं परतीचं डिझेल मंजूर होईना. जायचं मंजूर, यायचं नामंजूर. महादूने फोनवर हुज्जत घातली, मग जीपला कुलूप लावलं आणि तिथेच टायरला टेकून बसला. साहेब मात्र संध्याकाळी कामगारांच्या टेम्पोत चढला. किन्हवलीला उतरून पुढे शहापूरला जाणार होता.

टेम्पो भरून निघाला. सरळगाव मागे पडलं. रत्नदीप फळीच्या टोकाला अंग चोरून बसला होता. सावळीने मोबाइलच्या कव्हरातून तो कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"वाचा."

"मला माहीत आहे काय लिहिलंय."

"मोठ्याने वाचा. या सगळ्यांना ऐकू द्या. शेठनेपण आज लिहून दिलं, तुमीपण दिलंय. सभागृहानेपण लिहूनच दिलंय. सगळी लिहून देताय. सरकार आमाला सांगतंय, मशीन वाईट आहे की चांगली ते मग बघू, आधी तुमी किती ते सांगा. माझा नवरा एकटाच होता त्या मशीनवर. एकटा. त्याची बोटं काय वीस जणांची गेली म्हणून दुखली असती, आणि एकट्याची गेली म्हणून दुखली नाय?"

"मी काय करू, बाई," रत्नदीप म्हणाला. "मी नोकर माणूस."

"आमी कोण आहोत मग?"

रुपा मधे पडली. "जाऊ दे गो. साहेब दारापर्यंत आला तरी. बाकीचे तेवढेपण येत नायत."

हे त्याच्या बाजूने बोललेलं होतं, पण त्याला ते सगळ्यात जास्त लागलं. किन्हवलीला तो उतरला, थोडा चालला, आणि परत टेम्पोपाशी आला.

"त्या सावडीला," त्याने भगीरथला विचारलं, "बाहेरचा माणूस चालतो का?"

"राबणारा चालतो," भगीरथ म्हणाला.

गुरुवारी सकाळी रत्नदीप त्याच किन्हवलीच्या फाट्यावर उभा होता. पॅण्ट दुमडलेली, पायात चप्पल, हातात स्वयंपाकघरातला लांब चिमटा. एक दिवसाची रजा टाकून आला होता. मनात त्याने सगळं बसवलं होतं: आपण प्रेस चारवर बसायचं, आत हात घालायचाच नाही, चकती आत ठेवायला आणि झाकण काढायला चिमटा वापरायचा, आणि मशीन स्वतःहून दुसऱ्यांदा खाली आली की रुपाने आपल्या फोनमध्ये ते चित्रण करायचं. ते चित्रण घेऊन मंत्रालयापर्यंत जायचं. फोन त्याचा स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, डोळे रजेवरचे.

किशोरशेठने त्याला बघितलं तेव्हा तो आधी दचकला आणि मग खुशच झाला.

"साहेब रजेवर आहेत ना? मग या की. बसा. तुमालाच कळेल माझं मशीन किती गरीब आहे."

त्याने लिंबू-मिरची नीट केली आणि चहा सांगितला.

सावळी प्रेसवरून उठली आणि शेजारी झाकणं पुसायला बसली. रत्नदीपचा हात पहिल्या तासात बसला. चिमट्याने चकती आत, पॅडल, दणका, चिमट्याने झाकण बाहेर. साडेअकरापर्यंत दीडशे झाकणं झाली. मशीन शहाण्यासारखी वागत होती. रुपा दोरीपलीकडून फोन धरून धरून कंटाळली.

सावळी झाकण पुसता पुसता थांबली. तिने आजूबाजूला बघितलं आणि ओठांतल्या ओठांत मोजलं.

"साहेब."

"हं."

"तुमी काम करताय."

"करतोय की."

"म्हणजे आज आमी एकोणीस नाय. तुमी धरून वीस."

चिमटा हवेतच राहिला. रत्नदीपने पिवळ्या पट्ट्याकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, स्वतःच्या दुमडलेल्या पॅण्टकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा खरोखर उजळला.

"बरोबर," तो म्हणाला. "प्रत्यक्ष कामावर वीस. अटीत बसतं. आत्ता, या मिनिटाला बसतं."

"मग लावा सील."

"आज मी निरीक्षक नाय. रजेवर आहे." तो उठायला गेला.

"उठू नका," सावळी म्हणाली. "उठलात की एकोणीस."

तो पुन्हा बसला. काम सुटलं तर आकडा सुटतो, म्हणून पाय पॅडलवर चालू ठेवत त्याने डाव्या हाताने रुपाकडून फोन घेतला आणि ऑफिसला लावला. पलीकडे क्लार्क भिमा होता.

"भिमा, माझी रजा रद्द कर. आत्ताच्या आत्ता."

"साहेब, रजा रद्द करायला अर्ज पाहिजे," भिमा म्हणाला. "तुमच्या सहीचा."

"सही आणतो मागून. तू फक्त नोंद टाक. किती वाजल्यापासून होईल?"

"आता अर्धा दिवस तर गेला. दुपारी दोनपासून धरू?"

"दोनला नको, भिमा, तोवर शेठ मला इथून उठवेल आणि आकडा सुटेल. आत्ता धर. अकरा चाळीस लिही."

"थांबा, रजिस्टर बघतो."

डाव्या हातात फोन कानाला होता, आणि घामेजलेला उजवा हात पुसायला चिमटा त्याने काखेत धरला होता. एक झाकण डायमध्ये तिरकं अडकलं. रत्नदीप भिमाची वाट बघत होता. त्याने उजवा हात पुढे केला आणि झाकण बोटांनी सोडवायला गेला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी प्रेस नंबर चार पॅडल न दाबता दुसऱ्यांदा खाली आली. रत्नदीप भालेराव यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सावळीने मेन स्विच पाडला, तशा तिन्ही कंपन्या एकदम बंद पडल्या. रुपाच्या हातात फोन नव्हता, त्यामुळे चित्रण झालं नाही. त्या वेळी कामावर माणसं वीस होती. निरीक्षक रजेवर होता.